घाई नसलेला माल

त्याला सगळे वाऱ्या म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता गाडीच्या कागदांपुरतंच उरलं होतं. टोमॅटोच्या हंगामात तो गावात वाऱ्यासारखा यायचा आणि वाऱ्यासारखाच निघून जायचा. सकाळी गाडी भरली की दुपारी डोंगर मागे पडलेला असायचा. मग उघडंबोडकं पठार, मग कधी संपणारच नाही असं वाटणारी सपाट जमीन, आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत शहरातल्या मोठ्या सॉस कारखान्याचं फाटक. टोमॅटो म्हणजे काही लोखंड नव्हे. तळाच्या क्रेटमधला माल घाटातच हाय खातो, सपाटीवर पाणी सोडतो, आणि त्याहून उशीर झाला तर त्याच्याकडे बघवत नाही. त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही ही सवय वाऱ्याच्या हाडीमाशी खिळली होती. घरी जेवायला बसला तरी उजवा पाय टेबलाखाली दाबलेलाच असायचा. बायको म्हणायची, "अहो, ब्रेक लावा जरा. ताटातलं कुठं पळून चाललेलं नाही."

गाडीच्या फाळक्याखालून रस गळायचा. डांबरावर एक तांबूस रेघ उमटत जायची आणि उन्हात वाळायची. एका वर्षी वाऱ्याच्या लक्षात आलं की रस्त्याच्या कडेच्या मातीत टोमॅटोची रोपं उभी राहिली आहेत. कुणी लावली नव्हती. गळत्या रसातून बिया पडल्या होत्या, गाडीमागच्या झोतानं त्या कडेला लोटल्या होत्या, आणि दवावर नि नशिबावर त्या रुजल्या होत्या. जिथं कोसच्या कोस घर नाही, माणूस नाही, अशा पठारावरही पिवळी फुलं आणि सुपारीएवढी लाल फळं. पहाटेच्या धुरकट उजेडात, डोळ्यांवर झापड असताना, त्याला वाटायचं की गाव आपल्या मागोमाग चालत निघालंय. शेतं बांध सोडून रस्त्याला लागली आहेत आणि आपण थांबलो तर ती गाडीशी येऊन विचारतील, कुठं निघालास रे आम्हाला घेऊन? पण थांबायला वेळ कुणाला होता?

त्याची बायको गावाच्या तोंडाशी असलेल्या वजनकाट्यावर कामाला होती. भरलेली गाडी काट्यावर चढायची, तराजूचा काटा थरथरून स्थिर व्हायचा, ती आकडा सांगायची आणि गाडी जायची. हंगामभर तिच्या खिडकीसमोरून लाल डोंगरच्या डोंगर सरकत जायचे. मग एक दिवस शेवटची गाडी जायची आणि गाव आडवं व्हायचं. अर्ध्या दुकानांची दारं अर्धवट ओढलेली, हॉटेलात एकच बाकडं झाडलेलं, आणि तरुण पोरं बसथांब्यावर पिशव्या घेऊन उभी. त्यांची लेकही अशीच एक पिशवी घेऊन गेली होती. शहरात, कारखान्याच्या रस्त्यालाच, एका चष्म्याच्या दुकानात ती कामाला लागली. नजर तपासायची, काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. हुशार पोर. फोनवर रोज आईशी बोलायची, पण फोनवर माणूस दिसतं ते दिसल्यासारखं नसतं.

एकदा बायको किराणा दुकानातून टोमॅटो सॉसची बाटली घेऊन आली. ती तिनं टेबलावर ठेवली आणि हनुवटीला हात लावून बराच वेळ बघत बसली.

"बघा," ती म्हणाली, "आपलाच टोमॅटो. शहरात जाऊन शिकून आला, चांगले कपडे घालून आला, आणि आता आपल्याला ओळखसुद्धा देत नाही."

वाऱ्या हसला, पण ती हसत नव्हती. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

गावाबाहेर बर्फाचा एक जुना कारखाना बंद पडलेला होता. जाड भिंती, उंच छत, फरशीला पाणी वाहून जायला उतार. कबुतरांशिवाय तिथं कुणी जात नसे. बायकोनं शेतकऱ्यांच्या मंडळासमोर विषय काढला की ही जागा घ्यायची, इथंच टोमॅटो धुवायचा, कुस्करायचा, आटवायचा आणि बरण्यांत भरायचा. चिरून वाळवायचा. बारका, वेडावाकडा, ज्याला शहराचा कारखाना हातही लावत नाही तो मालही वापरायचा. ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर एक निवृत्त बॉयलर मिस्त्री होता. आयुष्यभर वाफ सांभाळल्यामुळे त्याचा आवाजही फुसफुसत यायचा, म्हणून त्याला फुंकर मिस्त्री म्हणत. शिवाय असे कारखाने उभे करून देणाऱ्या एक तज्ज्ञ बाई दूरच्या गावाहून येऊन सगळं बघून गेल्या होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की भांडी-यंत्रं आणणं सोपं आहे, पण पाण्याची मोठी लाईन, पुरेशी वीज आणि पावसात न खचणारा रस्ता नसेल तर ती यंत्रं शोभेची होतील. ती तिन्ही कामं नगरपालिकेनं करायची, शेतकऱ्यांनी पैशांऐवजी आपल्या मालाचे क्रेट भाग म्हणून टाकायचे, उरलेलं बँकेनं उभं करायचं, असा बेत होता.

सभेला सगळं गाव लोटलं. लोकांच्या मनात धाकधूक होती, पण कान टवकारलेले होते. तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की टोमॅटोला फाटकाशी जो भाव मिळतो तो मालाचा नसतोच मुळी. थांबता येत नाही याची ती शिक्षा असते. जो थांबू शकतो तोच भाव सांगू शकतो. हे लोकांना पटल्यासारखं दिसलं. आणि नेमका तेव्हाच वाऱ्या मागच्या रांगेतून उठला.

तो म्हणाला की आपण आटवू, भरू, सगळं करू, पण घेणार कोण? शहरातले दुकानदार आपल्या बरणीकडे ढुंकून तरी बघतील का? रस्ता मला माहीत आहे, बाजार मी बघतो, उगाच हातचं सोडून पळत्यापाठी लागू नका. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता आणि रोज शहर बघणारा माणूस म्हणून त्याच्या शब्दाला वजनही होतं. मागून कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, घरातूनच विरोध आहे म्हटल्यावर झालंच. लोक हसले. विषय पुढच्या सभेवर गेला.

त्या दिवसापासून घरी बायको ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची. वाऱ्याला वाटलं होतं, चार दिवसांत राग जाईल. पण तो राग नव्हता, राग असता तर तिनं भांडी आपटली असती. भांडी अगदी हळू ठेवली जात होती, आणि ते त्याला जास्त लागत होतं.

खरी गोष्ट वाऱ्यानं कुणालाच सांगितली नव्हती. स्वतःलाही पुरती सांगितली नव्हती.

शहरातल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागायची. ड्रायव्हर लोक शिव्या घालायचे, गाडीखाली सतरंजी टाकून झोपायचे. उन्हात माल घाम गाळायचा आणि गांधीलमाश्या घोंघावायच्या. त्या रांगेत दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, वाऱ्याची लेक डबा घेऊन यायची. केबिनच्या पायरीवर बसायची. दोघं डबा खायची. बोलणं तसं फार नसायचं. दुकानात आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याची गंमत, एखादी तक्रार, आईचा फोन. समोरून धूळ तरंगत जायची, कारखान्याच्या धुराड्यातून गोडसर, आंबूस वाफ निघायची, उन्हानं सगळं थरथरत दिसायचं, आणि त्या थरथरीत ती कधी लहान दिसायची, कधी एकदम मोठी बाई. मग सुट्टी संपायची, ती फ्रॉकमधल्या मुलीसारखी उडी मारून उतरायची आणि मागं वळून न बघता हात हलवत जायची. बाकीचे ड्रायव्हर रांग लवकर सरकावी म्हणून देव पाण्यात घालून बसायचे. वाऱ्याला मनातून वाटायचं, लांबू दे. उद्याही डबा येऊ दे.

त्या वर्षी पीक अमाप आलं. गावातल्याच नाही, सगळीकडच्या शेतांत. रांग फाटकापासून निघून कोपरा वळली, पुलावर गेली, पुलाच्या पलीकडे गेली. वाऱ्याची गाडी पुलावर अडकली. एक दिवस गेला, दुसरा गेला. खालून नदी, वरून ऊन. गाडीतून थेंब थेंब रस पुलाच्या फटींतून नदीत पडायचा आणि पाण्यात एक गुलाबी धागा तयार होऊन लांब लांब जाऊन विरायचा. वाऱ्या कठड्याला टेकून तो धागा बघत राहायचा. झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्याशा ओसरीवर बसल्यासारखं त्याला वाटत होतं.

लेक दोन्ही दिवस आली, तिसऱ्या दिवशीही आली. त्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही. फाळक्याखाली साचलेलं डबकं, त्यावरचा फेस, क्रेटांना आलेला आंबलेला वास, हे सगळं ती उभ्या उभ्या बघत राहिली.

"आईनं मला सभेचं सांगितलं," ती म्हणाली.

वाऱ्या केबिनच्या पायरीवर बसून गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला.

"बाबा, तुम्हाला ही रांग आवडते ना?"

"रांग कुणाला आवडेल?"

"मला वाटतं, तुम्हाला आवडते. मीही वाटच बघत असते तुमच्या गाडीची." ती थोडी थांबली. "पण मला भेटायला एवढे टोमॅटो नासवायची गरज नाही हो."

ती हे हळू बोलली. टोचून नाही, एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला त्याची नजर किती उतरली आहे ते सांगावं तसं. तिनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि ती गेली. त्या दिवशी मात्र कोपऱ्यावर थांबून तिनं एकदा मागं बघितलं.

दुपारी कारखान्याचा निरीक्षक रांगेतून चालत आला. त्यानं क्रेटमध्ये हात घातला, बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि मान हलवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, सगळीकडूनच माल आलाय, आमच्या हौदालाही काही तळ आहे की नाही. माल परत न्या, नाहीतर कुठंतरी मोकळा करा.

शहराबाहेर दगडाची एक सोडून दिलेली खाण होती. वाऱ्या तिथं पोचला तेव्हा आधीच कितीतरी गाड्या येऊन गेल्या होत्या. खाणीचा एक अख्खा उतार लाल झाला होता. उतरत्या उन्हात तो असा पेटल्यासारखा दिसत होता की क्षणभर त्याला ते सुंदर वाटलं, आणि सुंदर वाटलं म्हणून त्यानं नजर वळवली. पक्षी उतरले होते, पण तेही पोट भरून नुसते बसून होते. त्यानं फाळका सोडला. माल घरंगळत गेला, आणि त्या आवाजात त्याला गावातल्या बायका भल्या सकाळी ओल्या सरींतून वाकून तोडणी करतानाच्या बांगड्या, हसणं, खोकणं असं काय काय ऐकू आल्यासारखं झालं. मग सगळं शांत झालं. तो बराच वेळ रिकाम्या गाडीच्या सावलीत बसून राहिला.

गावात परतल्यावर रिकामी गाडी काट्यावर चढवायची रीत होती. बायकोनं खिडकीतून बघितलं. तिनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "घेतला नाही. खाणीत ओतला."

'बघा, मी सांगत होते' असं ती म्हणेल, याची मनाची तयारी करून तो आला होता. ती तसं म्हणाली नाही. बाहेर आली, नळाला पाईप लावला आणि गाडीचा मागचा भाग धुवायला लागली. तोही खराटा घेऊन चढला. लाल पाणी, मग गुलाबी, मग स्वच्छ. पाणी स्वच्छ झालं तेव्हा त्याला बोलता आलं.

"मी सभेत बोललो ते बाजारासाठी नव्हतं. इथं कारखाना झाला तर मला तिकडं जायला कारण उरत नाही. मग पोरगी कधी दिसणार? वर्षातून एकदा, पाहुण्यासारखी येईल. तिच्यासोबत डबा खायची सवय लागलीय मला."

बायकोच्या हातात पाईप तसाच राहिला. पाणी तिच्याच पायांवर पडत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

"तुम्हाला निदान रांग तरी होती," ती म्हणाली. "मला कुठली रांग आहे?"

हा विचार वाऱ्याच्या मनात कधी आलाच नव्हता. इतकी वर्षं तो डबा खाऊन यायचा, बरी आहे, मजेत आहे, एवढं सांगायचा आणि पाय पसरायचा. ती काट्याच्या खिडकीत बसून त्याची गाडी जाताना बघायची. नाशवंत माल घेऊन धावणाऱ्या गाडीत तिला बसवून नेणं कसं शक्य होतं? परतायचं कधी, थांबायचं कुठं, झोपायचं कुठं? घाईत दुसऱ्या माणसाला जागा नसते. त्यानं पुढं होऊन नळ बंद केला. दोघं ओल्या पायांनी तिथंच उभी राहिली, आणि बऱ्याच दिवसांनी तिनं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवलं.

पुढच्या सभेत वाऱ्या पुन्हा उठला. या वेळी त्याचा आवाज खणखणीत नव्हता. त्यानं खाणीतला उतार कसा दिसत होता तेवढं सांगितलं आणि म्हणाला की बॉयलर, टाक्या, जे काही दुरून आणायचं असेल ते माझी गाडी आणेल, भाडं घेणार नाही, तोच माझा भाग समजा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात वर केला आणि आपले क्रेट लिहून घ्यायला सांगितलं. मग दुसऱ्यानं सांगितलं. मग बायकोला लिहायला हात पुरेनात.

नगरपालिकेनं रस्ता खणला, पाईप टाकले, रस्ता परत भरला, आणि पुन्हा खणला कारण पाईप उलटे टाकले होते. फुंकर मिस्त्री म्हणायचा, "सरकारी काम दोनदा होतं, म्हणून तर ते पक्कं होतं." वाऱ्यानं बॉयलर आणला तो दिवस गाव विसरणार नाही. एवढं मोठं धूड, दोरखंडांनी बांधलेलं, गाडी मुंगीच्या पावलांनी घाट उतरतेय, आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे कडेनं चालताहेत. वाऱ्याला आयुष्यात इतकं हळू कुणी जाऊ दिलं नव्हतं.

पहिला घाणा जळला. वाफ जास्त झाली, रस कढईच्या तळाला लागला आणि सगळ्या गावावर करपट वास पसरला. धोबीण वाळत घातलेले कपडे काढायला रागानं धावली. बायको त्या दिवशी कारखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसली. तज्ज्ञ बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या की मी उभा केलेला एकही कारखाना असा नाही ज्याचा पहिला घाणा जळला नाही, जळला नसता तर मलाच भीती वाटली असती. मिस्त्रीनं झडप उघडून पुन्हा बसवली. कढई घासायला गावातल्या बायका रांगेनं बसल्या.

दुसरा घाणा उतरला तेव्हा संध्याकाळ होत होती. धुराड्यातून पांढरी वाफ निघाली आणि वारा नसल्यामुळे वर न जाता गावावर पसरली. गल्ल्यांत उतरली, खिडक्यांतून घरांत शिरली. गोड, उबदार, किंचित आंबट वास. माणसं दारांत येऊन उभी राहिली. दिवे लागले ते वाफेतून मऊ मऊ दिसले, आणि सगळं गाव जमिनीपासून वीतभर उचलल्यासारखं वाटलं. धोबीणसुद्धा बाहेर आली, तिनं श्वास आत ओढला आणि कपडे तसेच दोरीवर राहू दिले.

काही सगळंच एका फटक्यात गोड झालं नाही. पहिल्या वर्षी सभासदांच्या हाताला नफा म्हणून काही लागलं नाही. खेपा कमी झाल्यामुळे वाऱ्याच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं गाडी विकली आणि तो वाऱ्याशी बरेच दिवस बोलला नाही, मग कारखान्यातच टाक्यांवर कामाला लागला. पण गाव आडवं झालं नाही, हे मात्र खरं. शेवटची तोडणी झाली तरी कारखान्यात दिवे होते. वाळवलेल्या फोडी, आटवलेला रस, बरण्या धुणं, चिठ्ठ्या चिकटवणं. सालं आणि बिया गोठेवाला घेऊन जायला लागला. सुताराला खोक्यांचं काम इतकं आलं की त्यानं भावाला परत बोलावून घेतलं. हॉटेलवाल्यानं दुसरं बाकडं झाडलं, मग तिसरं. कामगारांच्या वेळेला एक बस सुरू झाली. शेतकरी पहिल्यांदाच फाटकाशी भाव विचारायला न जाता फोनवर भाव सांगायला लागले, कारण आता त्यांच्याकडे नाही म्हणायची सोय होती. संध्याकाळी वाऱ्या गावातून हिंडायचा तेव्हा त्याला वाटायचं, झोपेत असलेल्या माणसाचा चेहरा आपण इतकी वर्षं बघत होतो, आणि आता त्यानं डोळे उघडलेत.

त्या पहिल्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, बरण्यांची पहिली गाडी शहरातल्या दुकानांकडे निघाली. बायको सकाळी काट्यावर आली, गाडीचं वजन केलं, खिडकी लावली आणि पिशवी घेऊन केबिनमध्ये चढली.

"सुट्टी घेतली?" वाऱ्यानं विचारलं.

"घेतली. तुमचा माल नासणार नाही ना, मी बसले तर?"

डोंगर चढेपर्यंत वाऱ्या नेहमीसारखाच पळवत होता. मागं बरण्या किणकिणत होत्या, हजारो बारक्या घंटा एकमेकींशी कुजबुजत असाव्यात तशा. पठारावर आल्यावर त्याला एकदम वाटलं, आपण कुणापासून पळतोय? आज पोचलं काय नि उद्या पोचलं काय, बरणीच्या आत टोमॅटो शांत बसलाय. त्यानं पाय सैल सोडला. गाडीचा आवाज खाली आला, किणकिण मंद झाली. इतकी वर्षं खिडकीबाहेर नुसत्या रेघा होत्या, त्यांची आता झाडं झाली, दगड झाले, एका झाडाखाली बसलेली शेळी झाली. बायको सगळं बघत होती आणि मधूनच विचारत होती, हे काय, ते कुणाचं घर. त्याला एकाचंही उत्तर येत नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात लेक कामात होती. आई दारात उभी राहिली तेव्हा तिनं गिऱ्हाईक समजून "बसा" म्हटलं आणि मग वर बघितलं. पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि दुकानाचे मालक काचेचं कपाट उगाचच पुसत राहिले. मग लेकीनं आईला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, तिच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवली आणि तिच्यात एकेक काच टाकत भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. आई भिंतीकडे बघेना. फ्रेम सावरत ती लेकीकडेच बघत होती.

"अक्षरं नंतर," ती म्हणाली. "आधी तुला नीट बघू दे."

लेकीच्या खोलीत त्यांनी मुक्काम केला. तिघांना पुरेल एवढी जागा नव्हती, तरी पुरली. लेक गावी परत येणार का, हे विचारायचं आईच्या ओठांवर बऱ्याचदा आलं, पण तिनं विचारलं नाही. लेकीचा हात काचांवर किती हलका चालतो ते तिनं दुकानात बघितलं होतं. दुकानदारांनी बरण्या उतरवून घेतल्या. काहींनी जास्त मागितल्या, काहींनी तोंड वाकडं केलं. "कधी निघता?" असं लेकीनं भीत भीत विचारलं, तेव्हा वाऱ्यानं आठवून पाहिलं आणि त्याला एकही घाईचं कारण सापडलं नाही. ते आणखी एक दिवस राहिले.

परतीच्या वाटेवर, पठाराच्या ऐन मध्यावर, बायकोला आकाशात पांढऱ्या पक्ष्यांचा थवा खाली उतरताना दिसला. ते पक्षी एका उंचवट्यामागं नाहीसे झाले.

"तिकडं पाणी आहे का हो?"

"असेल. मी कधी बघितलं नाही."

त्यानं गाडी कडेला घेतली. दोघं दार उघडं टाकूनच उतरली आणि गवतातून उंचवटा चढून गेली. पलीकडे तळं होतं. चांगलं मोठं, स्वच्छ, काठाशी लव्हाळी, आणि मध्ये पक्षी असे निवांत बसलेले की जणू पाणीच जागोजाग पांढरं झालं होतं. इतक्या वर्षांत तो इथून किती वेळा गेला असेल, आणि त्या तळ्यानं त्याला किती वेळा जाताना ऐकलं असेल.

बायकोनं चपला काढल्या, साडी जरा वर खोचली आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेली. थंडीनं तिनं खांदे आक्रसले, पण मागं फिरली नाही, आणखी दोन पावलं आत गेली. पक्षी थोडे सरकले आणि पुन्हा बसले. वाऱ्या काठावरच्या दगडावर बसून पँटचे पाय वर दुमडायला लागला.

"खोल आहे का?" त्यानं विचारलं.

"ते आत येऊन बघायचं," ती म्हणाली.